बर्फ कमी कावून आला

बडनेऱ्याहून बर्फ यायचा.
मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचा,
छोट्या गाडीत चढायचा,
लाकडाच्या भुशात, गोणपाटात, पुरता दोन मण.
दर्यापूरच्या टेसनावर माझा आजा उकंडा
तो डोक्यावर घ्यायचा, तेव्हा मणभर असायचा.
त्यातलाही काही त्याच्या पाठीवरून ओघळत
जिनाच्या बंगल्यापर्यंत.

बंगल्यात बाईसाहेब.
एकेकाळी तंबूच्या पडद्यावर, काडेपेटीच्या चित्रावर
मिस इंदुलेखा.
त्याच्याही आधी, येवद्याच्या एका खोलीत,
बयना.

नऊ वर्षं ती बोलली आणि कोणी ऐकलं नाही.
ओठ हलायचे, मग काळी पाटी यायची,
आणि तंबूत अक्षर ओळखणारा एखादा मास्तर
तिचं म्हणणं मोठ्यानं वाचायचा.
म्हणजे गावोगाव तिचा आवाज
निरनिराळ्या मास्तरांचा.
अंजनगावात तर, आजा सांगायचा,
पडसं झालेल्या मास्तराचा.

मग बोलपट आले.
तिला एका डबीसमोर उभं केलं. म्हणाले, बोला,
महाराज, आपण मला सोडून का जाता?
ती बोलली,
महाराज, तुमी मले सोडून कावून जाता?
कानाला यंत्र लावलेला माणूस हसला नाही.
त्यानं फक्त यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

रायबहादूर गुलाबरावांनी तिला आणली.
दुसरी की तिसरी, ते जिनाच्या चोपडीत नव्हतं.
सरकीच्या वासात तिनं हिरवळ लावली,
हिरवळीवर वेताच्या खुर्च्या,
खुर्च्यांवर डिप्टी कमिशनरची मडम,
दारूचा पारशी ठेकेदार, नवा मुन्सफ,
त्याची घाबरलेली बायको.
गुटगुटीत बाळांचं बक्षीस तिच्याच हातून,
पत्त्यांच्या टेबलावर तिनं भुवई उचलली
की डाव संपला.
बोलायची नाही.
मडम म्हणायची, किती खानदानी.
काम तेच चालू होतं खरं तर,
पाटी लावणारं कोणी उरलं नव्हतं एवढंच.

मागच्या दाराशी मात्र गोणपाट सोडताना
तिचा आवाज यायचा, येवद्याचा,
कोरड्या नदीतल्या गोट्यांसारखा:
"बर्फ कमी कावून आला रे उकंड्या?"
"उनानं खाल्ला, बाईसाहेब."
"ऊन त मलेही लागते. मी कमी झाली काय?"
आजा भुसा झाडत बसायचा.

एका थंडीत, बहिरमच्या यात्रेत,
ती कासाराच्या पालात बांगड्या भरायला बसली.
"नव्या चालीच्या हायेत, फिल्लमच्या.
मुंबईहून शेरावर येते.
चित्रं उकळून काढली का निस्ती काच."
तिनं एक उजेडात धरली.
बराच वेळ.
कडेला बारीक चौकोनी भोकं. बाकी आरपार यात्रा,
हंड्यांचा धूर, पाळणा.
घासाघीस केली नाही. चार डझन घेतल्या.
निम्म्या जिनातल्या बायांना वाटल्या,
म्हणाली, "चुलीपाशी हात नोका नेऊ.
भपकन पेटते."

पुढच्या मेजवानीत
सोन्याच्या पाटल्यांमध्ये त्याच.
मडमनं विचारलं, हे काय नवीन?
भुवई.

तिचा एकही पट आता कुठे नाही म्हणतात.
आवाज कोणी धरून ठेवलाच नव्हता.
आजीची बांगडी उन्हानं वाकडी झाली,
ती देवघरात असते,
समईपासून हातभर लांब.

आणि आमच्या घरात अजून
दूध पातळ आलं, पगार कापून आला,
दिवाळीला भावाऐवजी त्याचा फोन आला,
की कोणीतरी जीभ जड करून विचारतं,
कमी कावून आला रे उकंड्या?

पोरं म्हणतात, उकंड्या कोण?
मी सांगतो, बर्फ आणायचा.